विकत मिळणारी प्रतिकारशक्ती आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

माझ्या मामांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा महिनाभरात घरात कागदांची एक जाडजूड फाइल तयार झाली. पेट स्कॅनचा अहवाल, सीए १९-९ या रक्ततपासणीचे वाढत जाणारे आकडे, कावीळ उतरावी म्हणून पित्तनलिकेत बसवलेल्या स्टेंटचे बिल आणि केमोचे वेळापत्रक या सगळ्यांच्या मध्ये एक गुळगुळीत रंगीत पत्रकही होते. रुग्णाच्याच रक्तातील पेशी घेऊन त्यांपासून लस तयार केली जाईल आणि ती शरीराची प्रतिकारशक्ती जागी करून कर्करोगाशी लढवेल, असे त्यावर छापले होते. सहा मात्रांच्या पॅकेजची किंमत काही लाखांत होती आणि त्यातली निम्मी रक्कम आगाऊ भरायची होती. मी ते पत्रक बाजूला ठेवले, तेव्हा मामींनी मला विचारले, “प्रतिकारशक्तीच वाढवायची आहे ना? मग त्यात वाईट ते काय?”

मामींचा प्रश्न चुकीचा नव्हता. करोनाच्या साथीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा शब्दप्रयोग काढ्याच्या पाकिटापासून च्यवनप्राशाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे इतक्या वेळा कानांवर पडला आहे, की प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखी कमीजास्त होणारी एखादी गोष्ट असावी, अशीच आपली समजूत झाली आहे. जगभर चाललेल्या संशोधनातून मात्र या कर्करोगाबद्दल जे समोर आले आहे ते या समजुतीच्या नेमके उलट आहे, आणि म्हणूनच या संशोधनाचा लाभ विक्रीतून नव्हे, तर केवळ खुल्या, नोंदणीकृत, सार्वजनिक चाचण्यांतूनच रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, असे माझे ठाम मत आहे. अशा चाचण्या आपल्याकडे होत नाहीत तोवर ती पत्रके छापली जातच राहतील.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या गाठीत प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशी बहुधा अल्पसंख्य असतात. गाठीचा मोठा भाग घट्ट तंतुमय ऊतीने भरलेला असतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या हाताला ती गाठ कठीण लागते ती त्यामुळेच. त्या ऊतीत रोगप्रतिकारक पेशींचा दुष्काळ असतो असे मुळीच नाही. तिथे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी असतात, अस्थिमज्जेतून आलेल्या आणि इतर पेशींना दाबून ठेवणाऱ्या मायलॉइड पेशी असतात, शिवाय टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा नियामक प्रकारही असतो. या नियामक पेशी एरवी शरीराला स्वतःवरच हल्ला करण्यापासून रोखतात, आणि त्यांच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना देण्यात आले. गाठीच्या आत कमतरता असते ती कर्करोगाच्या पेशीला ओळखून मारणाऱ्या टी पेशींची. ही रचना योगायोगाने होत नाही. या कर्करोगाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांमध्ये केआरएएस नावाच्या जनुकात बिघाड आढळतो, आणि हे बिघडलेले जनुक पेशीला सतत वाढण्याचा आदेश तर देतेच, पण त्याचबरोबर तिच्याकडून असे रासायनिक संदेशही सोडवून घेते ज्यांमुळे मायलॉइड पेशी गाठीकडे ओढल्या जातात आणि मारक टी पेशी बाहेरच अडकून राहतात. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तर तिचा एक भाग गाठीने आपल्या कामाला लावलेला असतो. अशा स्थितीत ‘प्रतिकारशक्ती वाढवू’ असे कोणी सांगितले, तर त्यातला नेमका कोणता भाग वाढवणार, हे त्याला विचारायलाच हवे.

त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग आणि फुप्फुसाचा कर्करोग यांत टी पेशींवरचे ‘ब्रेक’ सोडवणाऱ्या औषधांनी २०११ नंतर मोठा बदल घडवला, आणि त्यामागच्या मूलभूत कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. तीच औषधे स्वादुपिंडाच्या कर्करोगात एकट्याने वापरली, तेव्हा जवळजवळ निष्प्रभ ठरली. ज्यांच्या पेशींत डीएनए-दुरुस्तीचा एक विशिष्ट दोष असतो अशा सुमारे एक टक्का रुग्णांना त्यांचा खरा उपयोग होतो. ब्रेक सोडायचा तर गाडी रस्त्यावर असावी लागते, आणि इथे तर मारक टी पेशी गाठीपर्यंत पोहोचलेल्याच नसतात.

मग भोवतालची ती तंतुमय भिंतच पाडावी, असा विचार साहजिकच पुढे आला, आणि या विचाराचे पुढे काय झाले ते प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला माहीत असावे असे मला वाटते. २००९ मध्ये उंदरांवरील एका गाजलेल्या प्रयोगात असे दिसले, की तंतुमय ऊती वाढवणारा हेजहॉग नावाचा संदेशमार्ग रोखला तर केमोचे औषध गाठीत अधिक शिरते आणि उंदीर अधिक काळ जगतात. तर्क स्वच्छ होता आणि पुरावाही चांगला होता. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण ज्यांना ते औषध दिले होते त्यांची प्रकृती इतरांपेक्षा अधिक बिघडत होती. २०१४ मध्ये उंदरांवरच झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी याचे कारण पुढे आणले. तंतुपेशी काढून टाकल्या की कर्करोग अधिक आक्रमक होतो, म्हणजे जिला आपण केवळ शत्रूची तटबंदी समजत होतो ती ऊती काही अंशी कर्करोगालाही आवरून धरत होती. त्याच भिंतीतला हायल्युरोनिक आम्ल हा घटक विरघळवणारे दुसरे एक औषध तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचले, पण २०१९ मध्ये त्याचाही रुग्णांचे आयुष्य वाढवण्यात उपयोग झाला नाही, असे निष्पन्न झाले.

यातल्या कोणत्याही टप्प्यावर कोणी हे औषध विकायला काढले असते, तर त्याचे पत्रक अत्यंत पटण्यासारखे लिहिता आले असते. चाचणी होती आणि तिच्यात तुलनेचा गट होता, म्हणूनच अपाय होत असल्याचे कळले आणि ती थांबवता आली. मामांच्या हाती आलेल्या त्या पत्रकातल्या लसीने कोणाला अपाय झाला असता, तर ते कोणालाही कळले नसते, कारण घेतलेल्या पैशांखेरीज तिथे कशाचीच नोंद ठेवली जाणार नव्हती.

अशीच लस या रोगावर वापरून पाहणारा एक माणूस वैद्यकशास्त्राच्या इतिहासात होऊन गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये झान्व्हिल कोन यांच्यासह डेंड्रिटिक पेशींचा शोध लावला. शत्रूचा तुकडा उचलून टी पेशींना दाखवायचा आणि कशावर हल्ला करायचा हे त्यांना शिकवायचे, हे त्या पेशींचे काम. २००७ मध्ये स्टाइनमन यांनाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. प्रचलित उपचारांबरोबरच सहकाऱ्यांनी त्यांच्या स्वतःच्या डेंड्रिटिक पेशींवर आधारित प्रायोगिक लसी तयार केल्या, प्रत्येकीसाठी रीतसर परवानगी घेतली आणि प्रत्येक मात्रेनंतर रक्तात काय बदलले ते नोंदवले. ते साडेचार वर्षे जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले, आणि तीन दिवसांनी, ती बातमी नोबेल समितीपर्यंत पोहोचण्याआधीच, त्यांना पारितोषिक जाहीर झाले. लसींमुळे त्यांचे आयुष्य वाढले का, हे एका माणसावरून सांगता येत नाही. आपल्याकडच्या विक्रेत्यांच्या तोंडी डेंड्रिटिक पेशींचे नाव सहज येते, परंतु ज्याने त्या शोधल्या त्याने स्वतःवरचा उपचारही परवानगी आणि नोंदींच्या चौकटीतच केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खरी आशा दिसू लागली ती मात्र अलीकडे, आणि तीही जे थोडे रुग्ण दीर्घकाळ जगतात त्यांच्याकडे नीट पाहिल्यामुळे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील विनोद बालचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या गाठींत मारक टी पेशी अधिक असतात आणि त्या टी पेशी कर्करोगातील बिघाडांमुळे तयार झालेल्या नव्या प्रथिन-तुकड्यांना ओळखत असाव्यात. जे काही मोजक्या शरीरांनी आपणहून साधले ते लस देऊन इतरांत घडवता येईल का, या प्रश्नातून पुढची चाचणी उभी राहिली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा नमुना जर्मनीला बायोएनटेक कंपनीकडे पाठवायचा, तिथे त्या एकाच रुग्णाच्या कर्करोगातील बिघाड वाचायचे, त्यांतील जास्तीत जास्त वीस निवडून त्यांची एमआरएनए लस (शरीराच्या पेशींना ते प्रथिन-तुकडे बनवण्याची सूचना देणारी लस) बनवायची, आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे नऊ आठवड्यांनी ती द्यायला सुरुवात करायची, असा हा क्रम होता. लस सोळा जणांना मिळाली आणि त्यांतील आठ जणांच्या शरीरात लसीला जुळणाऱ्या टी पेशी तयार झाल्या. २०२५ च्या सुरुवातीला तीन वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या आठांपैकी दोघांचाच रोग उलटला होता, तर टी पेशी तयार न झालेल्या आठांपैकी सात जणांचा उलटला होता. अमेरिकेतही ज्या रोगाचे फक्त सुमारे तेरा टक्के रुग्ण पाच वर्षे जगतात, त्याबाबत हे आकडे वाचताना माझे डोळे भरून आले, हे मला लपवावेसे वाटत नाही.

तरीही हे सोळाच लोक होते. ज्यांची प्रतिकारव्यवस्था मुळातच तल्लख होती त्यांच्यात टी पेशीही तयार झाल्या आणि तेच अधिक काळ रोगमुक्तही राहिले, असेही असू शकते. संशोधकांनी ही शंका स्वतःच तपासली आणि करोनाच्या लसीला दोन्ही गटांनी सारखाच प्रतिसाद दिल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे शंकेचा जोर कमी होतो, पण ती पूर्णपणे मिटत नाही. ती मिटवण्यासाठीच मोठी, चिठ्ठ्या टाकून गट ठरवणारी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. शिवाय हे सगळे रुग्ण शस्त्रक्रिया होऊ शकलेले होते. या रोगात निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेजोगे असणारे रुग्ण पाचातून जेमतेम एक असतात, आणि माझे मामा त्यांत नव्हते. रोग यकृतात पसरलेल्या माणसाला अशी लस उपयोगी पडते असा पुरावा आज नाही, आणि पत्रके मात्र नेमकी अशाच घरांत येतात.

जे सिद्ध झालेले नाही ते देण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे. ‘हे उपयोगी पडेलच असे नाही’ असे रुग्णाला सांगायचे, त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि जे घडेल ते, चांगले असो वा वाईट, सर्वांसाठी नोंदवायचे. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याची अंमलबजावणी कडकपणे झालीच पाहिजे. परंतु केवळ बंदीने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. डॉक्टरांनी ‘आता फारसे काही करता येण्यासारखे नाही’ असे सांगितल्यावर जे कुटुंब बाहेर पडते, त्याच्यासमोर फक्त दोनच वाटा असतात, घरी जाणे किंवा त्या पत्रकावरच्या नंबरला फोन करणे. चाचणीत भाग घेण्याची तिसरी वाट त्याच्यासमोर असेल, तरच दुसरी वाट ओस पडेल.

अमेरिका आणि युरोपमध्ये हे काम चाललेच आहे, ते पुरे झाले की औषध आपल्याकडे येईलच, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. या मताला विज्ञानातूनच उत्तर आहे. टी पेशी प्रथिनाचा तुकडा सुटा ओळखत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंच्या कोंदणात तो बसला तरच ती त्याला ओळखते, आणि हे रेणू माणसागणिक, लोकसमूहागणिक वेगळे असतात. २०२२ मध्ये अमेरिकेत एका महिला रुग्णाच्या टी पेशींत प्रयोगशाळेत फेरबदल करून तिच्या फुप्फुसांत पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या गाठी मोठ्या प्रमाणात आकसवता आल्या. तो उपचार केआरएएसचा एक विशिष्ट बिघाड आणि एचएलएचा एक विशिष्ट प्रकार ज्या रुग्णात एकत्र असतील त्यांनाच लागू पडतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळणारे एचएलए प्रकार समोर ठेवून बनवलेला उपचार सातारा किंवा नांदेडच्या माणसाला तितकाच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. आपल्या लोकांच्या गाठींत कोणते बिघाड आहेत आणि आपल्या रक्तात कोणते एचएलए आहेत, हे आपणच मोजले नाही, तर दुसरे कोणी ते आपल्यासाठी मोजणार नाही.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हेही मला मान्य नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने करोनावरची एमआरएनए लस देशातच विकसित केली आणि २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, म्हणजे ते तंत्र इथे, महाराष्ट्रातच अवगत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. तीत निवोलुमॅब हे ब्रेक सोडवणारे औषध नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे केवळ २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या केमोबरोबर दिले, तेव्हा एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इतकी कमी मात्रा तपासण्यात औषध विकणाऱ्या कंपनीला रस असण्याचे काही कारण नव्हते, त्यामुळे हा प्रश्न सार्वजनिक रुग्णालयालाच विचारता आला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या काही कर्करोगांवर परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा तो उपचार त्याच्या लहानशा अंशात इथे उपलब्ध झाला. स्वादुपिंडाचा कर्करोग या दोन्हींहून कठीण आहे, पण माणसे, प्रयोगशाळा आणि कामाची शिस्त आपल्याकडे आहे.

या मागणीवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो म्हणजे चाचण्यांच्या नावाखाली गरिबांच्या शरीरांवर प्रयोग होतील. तसे झालेले आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम बदलले, आणि आज २०१९ चे चाचणी नियम नुकसानभरपाई, नीतिमत्ता समिती आणि नोंदणी बंधनकारक करतात. नियम कागदावरच राहू शकतात हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक केंद्रात मराठीतून, दोन भेटींत, घरच्यांसमक्ष समजावून दिलेली संमती हवी, असा माझा आग्रह आहे. पण चाचणी नाकारली म्हणून गरीब माणूस प्रयोगापासून वाचत नाही. पॅकेज विकणाराही प्रयोगच करत असतो, फक्त तिथे रुग्ण स्वतःच्या शेतजमिनीच्या पैशांनी त्याचा खर्च करतो आणि त्याच्या बाजूने एकही समिती उभी नसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे कितीतरी अधिक आहे, स्वादुपिंडाचा त्या मानाने कमी, म्हणून पैसा आधी तिकडे जावा हे बरोबरच आहे. तंबाखूबंदी आणि लवकर निदान यांतून एक रुपयाही काढून घ्या असे मी म्हणत नाही, कारण तंबाखू हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचेही एक कारण आहे. पण उपचाराच्या पैशांची तरतूद झाली तरी उपचारच अपुरा असतो, ही या रोगाची खास शोकांतिका आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया आणि केमोचा खर्च भागू शकतो, मात्र जे औषध अजून जन्मालाच आलेले नाही ते कोणत्याही योजनेतून मिळत नाही. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना हाच कर्करोग होता; त्यांच्यावर अमेरिकेत, मुंबईत आणि दिल्लीत उपचार झाले, आणि १७ मार्च २०१९ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिथे साधनांची उणीव नव्हती. ज्ञानच तिथवर पोहोचलेले नव्हते, आणि ते ज्ञान वाढवण्यात आपलाही वाटा असला पाहिजे.

करायचे ते फार अवाढव्य नाही. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. त्यांतील ज्या केंद्रांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमितपणे होतात, तिथे काढलेल्या प्रत्येक गाठीचा एक भाग रुग्णाच्या संमतीने जपून ठेवण्याची व्यवस्था सार्वजनिक पैशांतून व्हावी. त्या नमुन्यांतील केआरएएसचा प्रकार, एचएलए आणि टी पेशींचे प्रमाण यांची एक सामायिक नोंद असावी. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरलाही आपल्या रुग्णासाठी कुठे कोणती चाचणी खुली आहे हे मराठीत पाहता यावे, आणि रुग्णाचा प्रवास, मुक्काम व तपासण्या यांचा खर्च चाचणीनेच उचलावा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून रोज परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या माणसांना विचारले, तर उपचाराइतकाच भाड्याचा आणि जेवणाचा हिशेब किती जड असतो ते ती सांगतील.

मामा निदानानंतर सात महिने जगले. शेवटच्या दिवसांत ते मऊ भातसुद्धा दोन घासांवर ठेवत, आणि आम्ही काहीच करत नाही असे आम्हाला वाटू नये म्हणून तिसरा घास घेत. ते पॅकेज आम्ही घेतले नाही. त्यांच्या यकृतातून बायोप्सीसाठी काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी आम्ही रुग्णालयातून आणला होता. नखाएवढा तो चौकोन झिप लावलेल्या पिशवीत, क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह, अजून मामींच्या कपाटात आहे. त्या ब्लॉकवरून त्यांच्या केआरएएसमधला बिघाड कोणता होता ते वाचता आले असते, आणि टी पेशी गाठीत शिरल्या होत्या की कडेलाच थांबल्या होत्या तेही कदाचित दिसले असते. कोणी मागितला असता, तर मामींनी तो त्याच दिवशी दिला असता.